पाचवा गिअर माहेरचा

४ जानेवारी

टायरवाला दर वर्षी एक डायरी फुकट देतो आणि मी ती दर वर्षी फोरमनला देऊन टाकतो. तो तिची पानं फाडून ग्रीसचे हात पुसतो. या वर्षी ठेवून घेतली. काही गोष्टी अशा असतात की घरात बोललं तर हसं होतं आणि गॅरेजात बोललं तर गावभर होतं.

सकाळी लेकीचा फोन आला. "बाबा, शेडमधला जुना ट्रक मला द्या ना. नीट बांधून द्या. आमच्या डोंगरावरच्या रस्त्याला दुसरं काही टिकत नाही."

तो ट्रक म्हणजे माझं पहिलं वाहन. चारही चाकांना ताकद जाणारा, लांब नाकाचा, नुसतं लोखंड. लिलावात घेतला तेव्हा लोक म्हणाले, भंगार घेतलंस. त्याच भंगाराने मी लोकांची रुतलेली वाहनं ओढून काढली, त्यातून गॅरेज उभं राहिलं, त्या गॅरेजातून दुसरं. लेक लहानपणी त्याच्या बॉनेटवर बसून पाढे म्हणायची. लग्नानंतर तिने आणि जावयाने डोंगरावर रोपवाटिका काढली, तिथे रोपं आणि माती वाहायला तिला हाच ट्रक आठवला. मी हिला म्हटलं, "बघ, याचा अर्थ काय?"

ही म्हणाली, "अर्थ असा की त्यांना ट्रक हवाय."

बायकोला माणसाचं मन कळत नाही. असो. फोन ठेवता ठेवता लेक म्हणाली, "आणि बरं का, आमचे बाबा पण येतील कामाला. त्यांना फार हौस आहे."

आमचे बाबा म्हणजे तिचे सासरे. मग मी कुणाचा?

११ जानेवारी

लेकीबरोबर व्याही आले. उंच, सडपातळ, इस्त्रीचा शर्ट, बोलणं मोजकं. गॅरेजात इस्त्रीचा शर्ट घालून येणारा माणूस एक तर साहेब असतो नाही तर विमा विकणारा. याने उभा जन्म खाणीत काढला, खडी फोडणाऱ्या यंत्राशेजारी. तिथले डंपर चालवले, दुरुस्त केले, मग सगळ्या यंत्रांचा मुख्य झाला. विहीणबाई गेल्यापासून डोंगरावर मुलाकडे असतो.

मी दारातच म्हटलं, "या व्याहीबुवा, डोंगर खाली आला म्हणजे उंदीर कितीसा निघणार?" फोरमन हसला, हेल्पर हसले, लेकसुद्धा हसली. हा आधी सगळ्यांच्या तोंडांकडे बघत राहिला आणि मग हसला. दुपारभर तेच. माझ्या विनोदावर लोक हसले की हा हसतो. असा तोलूनमापून हसणारा माणूस मला आवडत नाही.

दुपारी लेकीने हाक मारली, "बाबा, चहा." मी ट्रकखाली होतो, तिथूनच "आलो गं" म्हटलं आणि घाईत डोकं आपटलं. बाहेर येऊन बघतो तर हाक त्याला होती. त्याने मानही वळवली नव्हती. मग ती गेली, खांद्याला हात लावला, तेव्हा राजेसाहेब वळले. तीनदा हाक मारून, हात लावून चहा द्यावा लागतो. मी तिला कधी चहासाठी तिष्ठत ठेवलं नाही.

आता कामाचं. ट्रकचा मूळ गिअरबॉक्स संपलाय, आतले दात सुपारीच्या चुऱ्यासारखे निघाले. दुसरा बसवायचा. मी म्हटलं, पाच गिअरचा बसवू. वरचा पाचवा असा की हायवेवर इंजिन गुणगुणत राहील, ट्रक भरभर खाली येईल. व्याही म्हणाला, चार गिअरचा, पण पहिला बैलगिअर असलेला. बैलगिअर म्हणजे इतका सावकाश की माणूस शेजारून चालत जाईल, पण खड्या चढाला ट्रक हूं की चूं करत नाही, आणि उतारावर इंजिनच ट्रकला धरून ठेवतं, ब्रेक तापत नाहीत.

"हायवेला कोकलेल तो," मी म्हटलं.

तो नुसता हसला. उत्तर द्यायची तसदी घेतली नाही.

१२ जानेवारी

रात्रीचं जेवण झाल्यावर हिने विचारलं, "इतकं काय गिअरचं डोक्यात घेऊन बसलात?"

मी तिला समजावून सांगितलं. पाच गिअर असले की हायवेवरचा वेळ वाचतो, तेल वाचतं, इंजिनचं आयुष्य वाढतं.

"म्हणजे पाचवा गिअर माहेरचा आणि पहिला सासरचा," ही ताटं उचलत म्हणाली. "सरळ सांगा ना."

कशाचा कशाला संबंध लावतात बायका. हे शुद्ध यंत्रशास्त्र आहे.

१९ जानेवारी

आज व्याही परत आला होता, लेकही. मूळ चौकट घासून काढली, रंगाचा पहिला हात झाला. माणूस कामाला वाईट नाही, हे लिहायला हात जड होतो. हाताने चाचपतो आणि सांगतो, इथे बारीक तडा आहे. बघावं तर असतो.

पण लेक त्याच्याशी कशी बोलते ते बघवत नाही. त्याच्या उजव्या बाजूला जाऊन बसते, तोंड कानाशी नेते आणि बोलते. बापाशी बोलताना फोनवर बोलते, आणि तेही भाजी चिरता चिरता. जेवायच्या वेळी मी मुद्दाम त्याच्या डाव्या बाजूला जाऊन बसलो. म्हटलं, आपणही बोलू. दोन-तीन गोष्टी काढल्या. सगळं जेवण होईपर्यंत या माणसाने माझ्याकडे मान केली नाही. भिंतीशी बोललो असतो तर निदान प्रतिध्वनी आला असता.

नंतर कॉम्प्रेसर बंद झाल्यावर लेकीचं बोलणं स्वच्छ ऐकू आलं. माझे कान तसे आहेतच. कॅबिनमध्ये बसून मी सांगतो की बाहेर कुणी कुठला नट जास्त आवळला. ती त्याच्या कानात सांगत होती, "हट्टी आहेत ते, पण मनाने फार चांगले आहेत. तुम्ही मनावर घेऊ नका."

मी गॅरेजच्या दुसऱ्या टोकाला होतो. इतक्या मोठ्याने कानात सांगतं का कुणी? मला ऐकू जावं म्हणूनच ते.

मनाने चांगले. हे आपण म्हाताऱ्या बैलाबद्दल बोलतो.

२३ जानेवारी

घोडं न्हालं. भंगारबाजारात गेलो आणि पाच गिअरचा बॉक्स उचलला. एकटाच गेलो, फोरमनलाही सांगितलं नाही. पुढच्या खेपेला व्याही येईल तेव्हा बॉक्स बसलेला असेल. मग काढा म्हणावं बैलगिअर.

बॉक्स घ्यावा तर माझ्यासारख्याने. दुकानदाराने टेबलावर ठेवून शाफ्ट फिरवला, मी लांब पान्याचं एक टोक बॉक्सवर आणि दुसरं कानामागच्या हाडावर टेकवलं. डोळे मिटले. आत लोण्यात सुरी फिरावी तसा आवाज. एकही बेअरिंग कुरकुरलं नाही. सोबत त्याची ट्रान्सफर केसही मिळाली, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणारी पेटी. बॉक्सला जोडलेलीच. आम्ही तिला वाटणीची पेटी म्हणतो.

दुकानदार म्हणाला, "शेठ, तुमच्यासारखं ऐकून घेणारं गिऱ्हाईक आता राहिलं नाही."

खूप दिवसांनी कुणीतरी खरं बोललं.

२७ जानेवारी

बॉक्स ट्रकखाली नेला. फोरमन खाली सरकला, टॉर्च मारून सगळीकडे बघितलं. मग म्हणाला, "मालक, बॉक्स झकास आहे. फक्त एक करावं लागेल."

"काय?"

"ट्रकचा पुढचा आस उजवीकडचा डावीकडे न्यावा लागेल. नाही तर ट्रक उलटा चालवायचा."

खाली जाऊन बघितलं. आमच्या ट्रकच्या पुढच्या आसाचा गोळा, ज्याला पुढची दांडी जोडायची, तो उजव्या बाजूला आहे. मी आणलेल्या पेटीचं तोंड डाव्या बाजूला. दांडी जोडायची तर ती इंजिनच्या पोटातून न्यावी लागेल. शिकाऊ पोरगंसुद्धा आधी खाली वाकून बाजू बघतं. मी डोळे मिटून ऐकत बसलो होतो.

बाजारात परत न्यायला गेलो तर दुकानदार म्हणाला, तुम्हीच ऐकून घेतलात. दुसऱ्यांदा त्याचं बोलणं गोड लागलं नाही.

बॉक्सवर ताडपत्री टाकून कोपऱ्यात सारलाय. फोरमनला दम दिलाय की ही गोष्ट भिंतीबाहेर जायची नाही. तो म्हणाला, "कुठली गोष्ट, मालक?" असा माणूस दहा वेळा जन्माला यावा.

१ फेब्रुवारी

नको तेच झालं. व्याही आणि लेक दोघं आले. जावई रोपं लावण्यात गुंतलाय. व्याहीबुवांनी आल्या आल्या ताडपत्री उचलली. त्यांना म्हणे बसायला कोरडी जागा हवी होती. आत बॉक्स. वाकून पाहिलं, पेटीच्या तोंडावरून हात फिरवला, मग ट्रकच्या पुढच्या आसाकडे पाहिलं. सगळं कळलं त्याला, चेहऱ्यावरून कळलं की कळलं.

लेक जवळ आली. "हा कुठला? बाबा, आणला पण तुम्ही?" आणि तीही बापाचीच लेक. खाली वाकली. "अहो, पण हा डाव्या बाजूचा आहे."

मी काही बोलणार तोच व्याही तिच्याकडे वळून म्हणाला, "माझी चूक. मीच त्यांना डावी बाजू सांगितली होती. वय झालं माझं."

या माणसाने मला डावी-उजवी काही सांगितलेली नव्हती. फोरमन पान्याकडे बघत राहिला. लेकीने त्याच्या पाठीवर हात ठेवला. "असू द्या हो बाबा. होतं असं."

होतं असं. माझ्या हातून झालं असतं तर वर्षभर ऐकवलं असतं.

ती आत गेल्यावर मी त्याला गाठलं. "कशाला बोललात असं? माझं मी बघितलं असतं." तो दुसरीकडे बघत उभा होता. वळून मला पाहिलं, हसला, मान डोलावली आणि निघून गेला. उपकार करायचे आणि वर शब्दही खर्चायचा नाही. लेक मिळवली, ट्रक मिळवतोय, आता चांगुलपणातही मला मागे टाकायचंय.

हिला सांगितलं. ही म्हणाली, "तुमची लाज झाकली त्यांनी. तुम्ही त्यांच्यावरच डाफरताय."

रात्रभर कूस बदलत होतो.

८ फेब्रुवारी

आजचं नीट लिहितो.

व्याही टेम्पोत घालून एक बॉक्स घेऊन आला, लेकही बरोबर. जुन्या, माल वाहणाऱ्या गाडीचा, अवजड. पाच गिअरचा, पण पहिला बैलगिअर. वरचा पाचवा हायवेचा, खालचा पहिला डोंगराचा. ट्रकची स्वतःची वाटणीची पेटी तशीच ठेवायची, मध्ये एक जोडकडं घालायचं की झालं. असा बॉक्स असतो हे मला माहीत होतं. शोधायचं सुचलं नव्हतं.

"तुम्हाला कसं सुचलं?" मी विचारलं. तो माझ्या ओठांकडे बघत होता.

"मी सूनबाईला विचारलं, बाई गं, तुला जायचंय कुठे? ती म्हणाली, वर चढायचंय आणि खाली यायचंय. दोन्ही."

माझ्या दारात कुणी गाडी घेऊन आलं की मी पहिला प्रश्न हाच विचारतो, चालवणार कुठे? तीस गावची गिऱ्हाइकं मी अशीच धरून ठेवली. आणि स्वतःच्या लेकीला विचारलं नाही. ते यालाच सुचायला हवं होतं?

बॉक्स टेबलावर चढवला. फोरमनने ड्रिल लावून शाफ्ट फिरवायला सुरुवात केली. व्याह्याने तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा तळहात बॉक्सवर ठेवला. एकेक गिअर टाकला. "दात शाबूत आहेत," म्हणाला. "गिअर सरळ पडतायत."

आणि आत बेअरिंग रडत होतं. पान्याची गरज नव्हती, दारात उभ्या कुत्र्यालाही ऐकू जावं असं, पत्र्याच्या डब्यात खडी हलवल्यासारखं. फोरमनने माझ्याकडे पाहिलं. हेल्पर एकमेकांकडे बघायला लागले.

माझं मन कसं नाचलं ते काय सांगू. महिनाभर वाट बघितली त्याची. मी लांब पाना उचलला आणि त्याच्या हातात दिला. "ऐका व्याहीबुवा. तुम्हीच ऐका."

त्याने पाना डाव्या कानाला लावला. काही नाही. मग उजव्या कानाला लावला, चेहरा गोळा केला, ऐकत राहिला. मग पाना खाली ठेवून म्हणाला, "शांत आहे."

फोरमनच्या तोंडून हसू फुटता फुटता राहिलं. मी तोंड उघडलं. तेवढ्यात दिसलं, लेक दारात उभी आहे, हातात चहाचे कप. ती त्याच्याकडे बघत नव्हती. माझ्याकडे बघत होती. लहानपणी बॉनेटवरून उडी मारायच्या आधी बघायची ना, बाबा झेलणार का, तसं.

आणि एकामागून एक गिअर पडत गेले. लोक हसल्यावर हसणं. खांद्याला हात लावून चहा. उजवी बाजू. जेवताना डावीकडे बसलेला मी मूर्ख. उभा जन्म खडीच्या यंत्राशेजारी. मी स्वतःला कानांचा राजा म्हणवतो आणि महिनाभर समोरच्या माणसाला ऐकू येत नाही हे मला ऐकू आलं नाही.

"शांत आहे," मी म्हटलं. मोठ्याने म्हटलं, त्याच्या उजव्या बाजूने. "एकदम शांत. हाच बसवू."

गिअरबॉक्सबद्दल मी आजवर कुणाशी खोटं बोललो नव्हतो. का बोललो, कोण जाणे.

९ फेब्रुवारी

सकाळी दार लावून बॉक्स खोलला. दोन बेअरिंगं गेलेली, बदलली. व्याही म्हणाला ते खरं होतं, दात शाबूत आहेत, एकालाही ओरखडा नाही. हे मला आवाजावरून कळलं नसतं.

फोरमन म्हणाला, "मालक, शांत होता ना?"

"आणखी शांत करतोय."

दुपारी लेकीचा फोन आला. आज भाजी चिरत नव्हती. "बाबा, तुम्हाला कळलं ना?"

"काय कळलं?"

"काही नाही." मग आवाज खाली आणून, "त्यांना आवडत नाही कुणाला सांगितलेलं. म्हणून बोलले नाही मी."

"कानात यंत्र घालायला सांग त्यांना."

"सांगितलं की. म्हणतात, जन्मभर खडखडाट ऐकला, आता जरा शांत बसू दे. फक्त म्हणतात, तुझे वडील फार गमतीशीर बोलतात, सगळे पोट धरून हसतात, ते तेवढं निसटतं."

हे ऐकून बरं वाटायला हवं होतं. वाटलंही. पण पाठोपाठ मनात आलं, हे त्याने तिला सांगितलं. मला नाही.

२० फेब्रुवारी

ट्रक तयार झाला आणि गेला.

लेक चालवत होती. व्याही शेजारी बसला, तळहात गिअरच्या दांडीच्या मुळाशी टेकवून. तिचा गिअर नीट पडला की मान डोलवायचा. शेजारची ती जागा माझी होती, असं मनात आलं. पण तिच्या सासरच्या वाटेवर मी बसून काय करणार? मला इथेच राहायचंय.

मी फाटकाशी उभा राहिलो. पहिला ती अंगणातच सोडून दुसऱ्यावर गेली. कोपऱ्यावर तिसरा. गुदामाच्या भिंतीपाशी चौथा, थोडा उशिरा टाकला, तिची सवय आहे. मग ट्रक दिसेनासा झाला आणि बराच वेळ चौथाच. मी म्हटलं, टाक आता. टाक गं. आणि पडला. इंजिन एकदम हलकं झालं आणि गुणगुणत गेलं.

ही बाजूला येऊन उभी राहिली. "काय ऐकताय?"

"काही नाही."

"गेली ना हायवेला?"

"गेली."

बेअरिंगचा मागमूस नाही. याचं कौतुक करणारं कुणी नाही, करायचंही नाही.

७ मार्च

आज आठवड्याच्या मधला वार. येण्याचं काही ठरलेलं नव्हतं. मी कॅबिनमध्ये चष्मा पुसत होतो आणि लांबून आवाज आला. पाचवा. मग चौथा. मी उठून उभा राहिलो. फोरमन म्हणाला, "काय झालं?" मी म्हटलं, "लेक आली." त्याला काहीच ऐकू येत नव्हतं.

भिंतीपाशी तिसरा, कोपऱ्यावर दुसरा. ट्रक अंगणात येऊन थांबला. मी दाराकडे निघालो आणि ट्रकची दारं वाजली. एक. आणि दुसरं.

एकटी आली असती तर काय बिघडलं असतं?

"बाबा, रिकामा ट्रक होता, म्हटलं जाऊन येऊ," लेक म्हणाली. "यांना पण तुम्हाला भेटायचं होतं." मागून व्याही, इस्त्रीचा शर्ट, हातात डोंगरावरचं कसलंसं रोप.

हिने अंगणात बाक टाकला. व्याही मध्ये बसला. लेक सवयीने त्याच्या उजवीकडे निघाली, पण मी आधी पोचलो आणि बसलो. तिला डावीकडे जावं लागलं.

मी तोंड त्याच्या कानाशी नेलं आणि पहिल्या दिवशीचा तो डोंगराचा आणि उंदराचा विनोद परत सांगितला. सावकाश, शब्द सुटा सुटा करून. तो ऐकत राहिला. कुणाच्याही तोंडाकडे बघितलं नाही. मग असा हसला की बाक हलला. डोळे पुसून म्हणाला, "त्या दिवशी तुम्ही हे मला म्हणालात?"

"तुम्हालाच."

"तोंडावर?"

"तोंडावर."

तो पुन्हा हसायला लागला. मग मी त्याला फोरमनचा विनोद सांगितला, पुढचा आस डावीकडे न्यायचा किंवा ट्रक उलटा चालवायचा. मग भंगारबाजारातल्या दुकानदाराचा. ट्रकखाली डोकं कसं आपटलं तो. महिनाभराचं सगळं साचलं होतं. चहा गार झाला.

लेक डाव्या बाजूने वाकून वाकून आमच्याकडे बघत होती. शेवटी म्हणाली, "काय चाललंय तुमचं दोघांचं? मलाही सांगा की कुणीतरी."

दोघांपैकी कुणीच लगेच उत्तर दिलं नाही. त्याला ऐकू आलं नव्हतं. मला आलं होतं.